छप्पन्नावं अक्षर

इन्व्हरकार्गिल,
मंगळवार, सकाळच्या चहाची वेळ

तीर्थरूप फिनलेमामा,

कर्स्टीचा नमस्कार. (खाली वाकून केला आहे असं समजा. आज इथे इतका वारा आहे की उभ्यानं केलेला नमस्कार किलब्रेपर्यंत सरळ पोचायचा नाही.) तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? आई सांगत होती की तो दुखायला लागला की दोन दिवसांत पाऊस येतो आणि रेडिओवाल्यांपेक्षा तुमच्या गुडघ्याचा अंदाज जास्त वेळा खरा ठरतो. सलगमाच्या रानात चिखल किती झालाय? मेंढ्या विण्याच्या आधी दक्षिणेकडचं कुंपण दुरुस्त करणार होता, ते झालं का? मी चांगली आहे. जेवते वेळेवर, झोपते वेळेवर, आणि आईनं विणलेला स्वेटर घालते (हे तिला आवर्जून सांगा, कारण ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही).

एवढं सगळं फोनवर विचारता आलं असतं हे मला कळतं. पण रविवारी मी फोन केला आणि तोंडातून ‘नोएलीनमावशी’ एवढा एकच शब्द निघाला, तर तुम्हाला लगेच ऐकू येईनासं झालं, लाईन खराब झाली आणि चुलीवर काहीतरी करपायला लागलं. तिन्ही एकदम. म्हणून पत्र. पत्रही ठेवून देता येतं, पण त्याआधी ते फोडावं लागतं, आणि तुम्ही फोडलेलं पत्र अर्धवट सोडणाऱ्यांतले नाही. वीजमंडळाचं माहितीपत्रकसुद्धा तुम्ही मागच्या पानापर्यंत वाचता.

तर शनिवारी किलब्रेच्या हॉलमध्ये क्लबची वार्षिक सभा आहे आणि तिच्यात नोएलीनमावशींना नोंदवहीवरून काढण्याचा विषय आहे. सव्वीस वर्षं त्यांनी मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धांची नोंदवही सांभाळली. पावसात छत्री वहीवर धरायची आणि आपण भिजायचं, अशा रीतीनं सांभाळली. त्यांना समितीचं पत्र गेलंय की कपाटाची किल्ली आणून द्यावी आणि शक्यतो भाषण करू नये. खाली अध्यक्ष म्हणून तुमची सही आहे. मी ती सही ओळखते, माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतीपुस्तकावर बाबांच्या जागी तीच असायची. आता मी जे लिहिणार आहे ते जरा लांबेल, पण मी ते पूर्ण लिहिणार आहे आणि तुम्ही ते पूर्ण वाचणार आहात, एवढं आधीच ठरवून टाकू या.

सुरुवात माझ्यापासून करते, कारण दोष माझ्यापासून सुरू होतो.

तुम्हाला माहीतच आहे (माहीत नसेल, कारण दर नाताळात मी सांगते आणि दर नाताळात तुम्ही ‘म्हणजे संगणक दुरुस्ती’ असं म्हणता) की आम्ही पाच जण सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर ‘मटनबर्ड’ नावाचा डेटाबेस तयार करतो. डेटाबेस म्हणजे नोंदी ठेवायचं कपाट. मटनबर्ड पक्षी जगभर फिरून दरवर्षी आपल्याच बिळात परत येतो, तशी ठेवलेली नोंद जिथल्या तिथे सापडावी म्हणून राविरीनं हे नाव दिलं. (राविरी म्हणजे आमचा मालक. ब्लफ बंदराचा आहे, ऑयस्टरच्या बोटीवर वाढला, आणि त्याला कशाचीही घाई नसते.) आता नुसतं कपाट पुरत नाही. कपाटातली नोंद मध्येच कुणी बदलली का, हे कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक नोंदीचा ठसा काढतात. आमच्या धंद्यात त्याला हॅश म्हणतात, पण तुमच्यासाठी मी ठसाच म्हणते. नोंद एका बाजूनं गणितात घालायची, दुसऱ्या बाजूनं चौसष्ट अक्षरांचा अगम्य ठसा बाहेर येतो. तीच नोंद घातली की जगात कुठेही तोच ठसा. एक अक्षर, एक आकडा बदलला की ठसा पार वेगळा. आणि ठशावरून नोंद परत काढता येत नाही, जसं खिम्यावरून मेंढी परत उभी करता येत नाही.

क्राइस्टचर्चचं मुख्य मंडळ हेच करतं. दर स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी नोएलीनमावशी नोंदी पाठवतात, मंडळ त्यांचे ठसे काढून जपून ठेवतं आणि नोंदी पुसून टाकतं, म्हणजे एका क्लबनं दुसऱ्याच्या वहीत डोकावल्याची तक्रार नको. यंदा त्यांनी नियम काढला की प्रत्येक क्लबनं आपल्या जुन्या नोंदींचे ठसे स्वतः काढून पाठवावेत आणि दोन्हीकडचे ताडून पाहावेत. आणि तुम्ही समितीत टेबलावर हात आपटून सांगितलंत की आपल्या घरची पोरगी हा धंदा करत असताना बाहेरचं काही घ्यायचं नाही. मामा, मला ते कळलं तेव्हा मी दिवसभर ऑफिसात उगाचच ताठ चालत होते.

अडचण अशी की मटनबर्डला ठसा काढता येत नव्हता. राविरी म्हणाला, बाजारात तयार गणित आहे, हजारो लोकांनी वापरून झिजवलेलं, ते आणून बसवू आणि जेवायला जाऊ. मी म्हटलं, नाही. आपला डेटाबेस पहिल्या ओळीपासून आपल्या हातचा आहे, त्यात परक्याचं गाठोडं कशाला? ठशाच्या गणिताचे नियम छापलेले आहेत, पायरीपायरीनं दिलेत, मी लिहिते. राविरीनं समजावलं की या कामात शहाणी माणसं स्वतः लिहीत नाहीत. मी म्हटलं की मग मी लिहिते. (हा हट्ट कुठून आला ते आईला विचारा. ती म्हणेल तिच्या भावाकडून.) शेवटी तो म्हणाला, लिही, पण छापील नियमांच्या मागे ताडून पाहायला नमुने दिलेत, ते सगळे चालवून बघ.

तीन आठवडे लागले. आकडे उजवीकडे ढकलायचे, पडलेले डावीकडून परत आत घ्यायचे, मग एकमेकांत कालवायचे, अशा चौसष्ट फेऱ्या. मधले आठ दिवस मी सगळे आकडे उलट्या बाजूनं वाचत होते आणि यंत्राला शिव्या देत होते. पण एका शुक्रवारी पहिला नमुना घातला, ‘abc’, आणि समोर अगदी पुस्तकातला ठसा उमटला. अक्षर न् अक्षर. मी खुर्चीवर उभी राहिले. (खुर्चीला चाकं आहेत हे खाली आल्यावर आठवलं.) दुसरा नमुना होता लांबलचक, कुणाची तरी मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी अक्षरं. मी म्हटलं, पहिला बरोबर आला तर दुसरा काय वेगळा येणार, आणि चष्मा पुसून जेवायला गेले. मामा, या पत्रातलं सगळं रामायण त्या एका जेवणात आहे. मटनाची पाय-पेस्ट्री होती, तीही नीट भाजलेली नव्हती.

अर्थात मी अगदीच आंधळेपणा केला नाही. मी स्वतःच्या मनानं दोनशे नमुने तयार केले आणि ते घालून बाजारातल्या तयार गणिताशी ताडून पाहिले. ओळ अशी: कुत्रा, मालक, ठिकाण, साल, गुण. आता कुत्र्याचं नाव म्हटलं की आपल्या माणसाला काय सुचणार? केन, मेग, जेड, टिप, फ्लाय. टेकडीच्या पलीकडून एका दमात हाक गेली पाहिजे. तीन-चार शब्दांचं नाव ठेवलं तर ते उच्चारून होईपर्यंत मेंढ्या शेजारच्या तालुक्यात जातील. आणि मालक म्हटलं तर रीड, टेट, ऑर, गाउ. माणसांचीही नावं आपल्याकडे कुत्र्यांसारखीच आखूड. दोनशेच्या दोनशे ओळी अशा छोट्या, आणि दोनशेच्या दोनशे ठसे बरोबर. मी राविरीला सांगितलं, झालं. तो म्हणाला, सगळे नमुने? मी म्हटलं, दोनशे. हे खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतक्या सहज बोलता आलं.

मग क्लबची नोंदवही आली, ठसे काढले, क्राइस्टचर्चला गेले, आणि त्यांनी कळवलं की अकरा नोंदी जुळत नाहीत. अकरापैकी दहा नोंदी नोएलीनमावशींच्या घरच्या कुत्र्यांच्या. काही नवऱ्याच्या, बाकी मुलाच्या, ख्रिस्तोफरच्या. आणि अकरावी तुमच्या केनची. समितीला यातून काय वाटायचं ते वाटलं. वही जिच्या हातात, तिच्याच घरच्या कुत्र्यांचे गुण फिरलेले, वर अध्यक्षांच्या कुत्र्यालाही हात लावलेला. आईनं सांगितलं की तुम्ही सभेत म्हणालात, माझ्या केनच्या नोंदीला हात लावणाऱ्या माणसाबरोबर मी चहासुद्धा घेणार नाही. 

आता मला काय वाटलं ते लिहिते, आणि हे लिहिणं मला सगळ्यात जड जातंय. मला आनंद झाला. माझ्या हातच्या गणितानं लबाडी पकडली म्हणून मी चहाच्या सुट्टीत सगळ्यांना गोष्ट सांगितली, वर कंपनीच्या पानावर टाकायला चार ओळीही लिहिल्या: मटनबर्डच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. नोएलीनमावशींनी मला पोनीवर बसायला शिकवलं, माझ्या कांजिण्यांत रोज सूप आणून दिलं, आणि त्यांचं नाव ऐकून मला एकदाही ‘असं कसं होईल’ वाटलं नाही. उलट मनात आलं की शेवटी ती माणसं उत्तरेकडचीच. मावशी इथल्या, पण नवरा कँटरबरीचा, आडनाव जोडाचं, अ‍ॅबरक्रॉम्बी-फेदरस्टोन, आणि तीस वर्षं किलब्रेत राहूनही आपण त्यांना ‘नवीन मंडळी’ म्हणतो. मला माझी लाज वाटते, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

गेल्या बुधवारी त्या स्वतः इथे आल्या. दीड तास गाडी चालवत, ऑपरेशन झालेली कंबर सांभाळत, सायकलच्या दुकानावरचा तो अरुंद जिना चढून. बरोबर दोन कागदी वह्या आणि शॉर्टब्रेडचा डबा. मला वाटलं, आता रडतील किंवा भांडतील, आणि दोन्हींसाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं. त्या फक्त बसल्या, वही उघडली आणि २०१६ सालचं किलब्रेचं पान दाखवलं. एकाच दिवशी, एकाच उतारावर नवऱ्याच्या दोन कुत्र्या पळाल्या होत्या, मेग आणि बेस. मेगनं मेंढ्या सरळ ओढ्यात घातल्या, साडेएकसष्ट गुण. बेसला साडेअठ्ठ्याऐंशी. यातली बेसची नोंद ‘फिरलेली’ निघाली आणि मेगची शाबूत.

“मला लबाडी करायची असती,” त्या म्हणाल्या, “तर मी मेगची नसती का केली?”

एवढंच बोलून त्यांनी शॉर्टब्रेडचा डबा माझ्याकडे सरकवला. 

तरीही मी दोन दिवस मानलं नाही. माझं गणित बरोबर आहे, यंत्र बरोबर आहे, क्राइस्टचर्चवाले बरोबर आहेत, मग मेगचं काय ते मेगलाच माहीत, अशी माझी भूमिका होती (मेग वारली आहे, म्हणून ही भूमिका सोयीची होती). शुक्रवारी सकाळी मी दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून काढल्या. मालक तोच, ठिकाण तेच, साल तेच, गुणांचे आकडे तितकेच. फरक एवढाच की इंग्रजीत मेगची अक्षरं तीन आणि बेसची चार. मी बोटानं मोजलं. मेगची पूर्ण ओळ पंचावन्न अक्षरांची, बेसची छप्पन्न. मग बाकीच्या नऊ मोजल्या. सगळ्या छप्पन्न ते साठच्या आत. अख्ख्या नोंदवहीत एवढ्या लांब ओळी फक्त एकाच घरच्या होत्या. 

मी राविरीकडे गेले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आरडाओरडा केला नाही, फक्त विचारलं, “पुस्तकातला दुसरा नमुना किती अक्षरांचा आहे गं?”

आम्ही दोघांनी मिळून मोजला. छप्पन्न. माणसं नेमकी इथेच घसरतात म्हणून कुणीतरी मुद्दाम छप्पन्न अक्षरांचा नमुना तिथे छापून ठेवला होता, आणि मी त्याला मांजर म्हणून सोडून दिलं होतं. राविरी उठून चहा टाकायला गेला. तो असा चहा टाकायला गेला की त्यापेक्षा बोललेला परवडतो.

चूक काय होती ते तुमच्या भाषेत सांगते, कारण सभेत लोक तुम्हाला विचारतील. हे गणित नोंदीतली अक्षरं ट्रेलरमध्ये भरतं, एका ट्रेलरमध्ये चौसष्ट मेंढ्यांची जागा. पण शेवटच्या ट्रेलरमध्ये नऊ जागा सोडाव्याच लागतात, एक कुत्र्यासाठी आणि आठ एकूण किती मेंढ्या पाठवल्या त्या कागदासाठी. म्हणजे पंचावन्नपर्यंत सुखानं मावतात. छप्पन्नावी आली की दुसरा ट्रेलर जोडायचा. मी तो जोडलाच नाही. छप्पन्नावी मेंढी कुत्र्यासकट त्याच ट्रेलरात कोंबली आणि मोजणीचा कागद त्यांच्या डोक्यावर चिकटवला. ठसा तर उमटायचा, दिसायलाही इतरांसारखाच दिसायचा, पण तो चुकीचा. आखूड नावाच्या कुणाला कधीच त्रास झाला नसता. एवढ्या लांब नावाचं माणूस आपल्या वहीत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि वही लिहिणारी बाई तेच नाव घेऊन सव्वीस वर्षं तिथे बसली होती.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची निघाली. या वेळी मी पुस्तकातले सगळे नमुने चालवले, मांजरीचा दोनदा चालवला, शून्य अक्षरांपासून दोनशे अक्षरांपर्यंत प्रत्येक लांबीची ओळ घालून तयार गणिताशी ताडून पाहिली, आणि राविरीला शेजारी बसवून पाहिली. मग काल नोंदवही पुन्हा पाठवली. नोएलीनमावशींच्या घरच्या दहाच्या दहा नोंदी क्राइस्टचर्चच्या ठशांशी जुळल्या. ज्या दिवशी लिहिल्या त्या दिवसापासून त्यांत एक टिंबही बदललेलं नाही. मंडळाचं लेखी पत्र सोबत जोडलं आहे.

तेव्हा शनिवारी मी येते आहे. क्लबच्या सगळ्या माणसांसमोर उभी राहून चूक माझी होती, फक्त माझी, हे सांगणार आहे आणि मावशींची माफी मागणार आहे. कुणी हसलं तर हसू दे, ‘घरची पोरगी’ म्हणून टोमणा मारला तर तोही घेईन. कंपनीच्या पानावरच्या त्या चार ओळी खोडल्या आणि त्या जागी हीच हकिकत लिहिली. राविरीनं वाचून फक्त एक स्वल्पविराम बदलला. हे पत्र केवळ तुमच्या माहितीसाठी. तुम्ही अध्यक्ष आहात, सभेत अचानक ऐकून तुम्हाला अवघडल्यासारखं व्हायला नको. गुडघ्याला गरम पिशवी लावा. कुंपणाला मी रविवारी हात लावेन.

तुमची, तुमच्याच हट्टाची,
कर्स्टी

ता. क. आमच्या ऑफिसात रीत आहे की ज्याच्या चुकीनं गिऱ्हाईकाचं काम बिघडलं त्यानं सगळ्यांना चीज रोल करून घालायचे, एका बिघडलेल्या नोंदीमागे एक डझन. राविरीनं निकाल दिला की या वेळचे रोल ऑफिसात नकोत, ज्यांचं बिघडलं त्यांना घाल. म्हणून शनिवारी दहा डझन चीज रोल घेऊन येते. हॉलची भट्टी आधी तापवून ठेवायला सांगा. अकरा नोंदी जुळत नव्हत्या तर डझन दहाच का, असं तुम्ही विचाराल, कारण तुम्ही सगळं नीट वाचता.

ता. क. २. अकरावी माझ्यामुळे बिघडलेली नाही. केनची ओळ मी मोजली, मामा. ‘केन, फिनले रीड, किलब्रे, २०१९, साडेचौऱ्याण्णव’, इंग्रजीत सगळी मिळून तेहेतीस अक्षरं. माझी चूक तिथपर्यंत पोचतच नाही. दुरुस्तीच्या आधी तिचा जो ठसा होता तोच नंतर आहे, आणि क्राइस्टचर्चशी तो तेव्हाही जुळत नव्हता, आताही जुळत नाही. म्हणजे ती ओळ मावशींनी मंडळाला पाठवली तेव्हा वेगळी होती आणि नंतर कुणीतरी बदलली. ठशावरून नोंद परत काढता येत नाही असं मी वर लिहिलं आहे आणि ते खरंच आहे. पण कुत्रा, मालक, ठिकाण आणि साल आपल्याला ठाऊक आहे, आणि गुण शून्यापासून शंभरपर्यंत अर्ध्याअर्ध्यानंच देतात, म्हणजे सगळे मिळून दोनशे एक. मी एकेक घालून पाहिला. साडेचौऱ्याऐंशीला ठसा जुळला. त्या साली हंगामाचा कप वहीतल्या बेरजेवर दिला गेला, आणि केनला तो सहा गुणांनी मिळाला.

ता. क. ३. हे वाचून तुम्ही पत्र चुलीत टाकायच्या आधी एवढं ऐका. मी काल संध्याकाळी मावशींना विचारलं. त्या साली कंबरेच्या ऑपरेशनसाठी त्या सहा आठवडे हॉस्पिटलात होत्या आणि कपाटाची किल्ली कुणाकडे होती हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्या सहा आठवड्यांत दर शनिवारी मीच तुम्हाला हॉलपर्यंत सोडत होते. परत आल्यावर त्यांना पहिल्याच दिवशी तो आकडा दिसला होता. केननं त्या दिवशी फाटकापाशी बसकण मारली होती आणि त्या तिथे छत्री घेऊन उभ्या होत्या. सहा गुणांनी मागे पडला तो त्यांचाच ख्रिस्तोफर. तरी त्या गप्प बसल्या, आणि शनिवारीही गप्प राहून किल्ली देऊन टाकणार होत्या. मी चिडून का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “ख्रिस्तोफरकडे चार कप आहेत, कर्स्टी. फिनलेकडे एकच कुत्रा होता. आणि मी घरी आले तोवर त्यानं त्याला पुरलं होतं.” मामा, मला तुमचा भयंकर राग आला आहे. केन माझ्या बुटावर हनुवटी ठेवून झोपायचा ते आठवून मी गाडीत बसून रडलेही. राग कमी झालेला नाही आणि तुम्हीही माझ्या लेखी कमी झालेला नाहीत. केनला त्या कपाची गरज नव्हती, साडेचौऱ्याऐंशीचा केनसुद्धा केनच होता.

ता. क. ४. अकराव्या नोंदीबद्दल मी आई, राविरी, समिती, कुणालाही सांगितलेलं नाही. चिटणीस आयरीन टेट यांच्याकडून सभेची पहिली दहा मिनिटं मात्र मागून घेतली आहेत. माझी चूक सांगायला मला पाच पुरतील. पुढची पाच तुमच्या नावावर लिहायला सांगितली आहेत.